हातांच्या फोटोमागचा माणूस

मी, गौसिया चांदपाशा शेख, वय ४३ वर्षे, व्यवसाय मेंदी काढणे, राहणार देगलूर नाका परिसर, नांदेड, आज दुपारी स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी पती व एका मुलीसह राहते. पती चांदपाशा कूलर-पंखे दुरुस्त करतात. मुलगी एकोणीस वर्षांची असून फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचे नाव कागदावर येऊ नये अशी माझी विनंती आहे. जबाब लिहून घेणाऱ्या शिवकांताबाई हवालदार यांनी ती मान्य केली, म्हणून पुढे तिला ‘माझी मुलगी’ एवढेच म्हटले आहे.

मी लग्नघरी जाऊन मेंदी काढते. नांदेड शहरात, तसेच बिलोली, मुखेड आणि बोलावणे आले तर लातूरलाही एसटीने जाते. सुट्टी असली की मुलगी सोबत येते. ती कोन भरते, सुकत आलेल्या मेंदीवर लिंबू-साखरेचे पाणी कापसाने लावते आणि फोटोच्या वेळी नवरीची बाही वर धरून उभी राहते. शिवकांताबाई म्हणाल्या, “मेंदीचं राहू द्या बाई, तक्रार सांगा.” पण एवढे सांगितल्याशिवाय तक्रार कळणार नाही.

माझ्या धंद्याची पहिली अट अशी की नवरीचा चेहरा मोबाईलमध्ये घ्यायचा नाही. आमच्यातल्या बायकांना ते चालत नाही आणि आता इतर घरांतही नको म्हणतात. म्हणून कामाचा मोबाईल वेगळा ठेवला आहे. घरचे फोटो पतीच्या मोबाईलमध्ये असतात. माझ्या मोबाईलमध्ये फक्त हात आहेत. ते हात मी दारात आणून उजेडात धरायला लावते, कारण खोलीतल्या ट्यूबलाइटमध्ये मेंदी शेणासारखी दिसते. दारात फोटो काढला की मागे गल्ली येते, त्याला इलाज नाही.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर बिलोलीला एका घरी काम होते. फोटो काढून झाल्यावर मुलगी म्हणाली, “अम्मी, मागं माणूस आलाय. दे इकडं, पुसून देते.” तिने फोटोवर बोट फिरवले आणि माणूस नाहीसा झाला. त्याच्या जागी भिंत आली, भिंतीवरची चुन्याची पुताईसुद्धा बरोबर जुळली. मी तोंडावर हात ठेवला. मोबाईलमध्ये ही सोय आधीपासून होती आणि मी दोन वर्षे तो नुसता खिडकीसारखा उघडत होते. मुलीने तिथल्या तिथे मला शिकवले आणि म्हणाली, “आता दर फोटोत मागचं सगळं पुसत जा. हातच दिसले पाहिजेत.”

नवा मुल्ला पाच वेळच्या जागी सात वेळा बांग देतो, तसे माझे झाले. मी विजेच्या तारा पुसल्या, शेळ्या पुसल्या, दूधवाला त्याच्या मोटारसायकलसकट पुसला. रिकाम्या गल्लीत नुसते मेंदीचे हात दिसू लागले आणि कामे वाढली. मागे कोणी माणूस असला तर तोही पुसत होते. कोण आहे ते बघत नव्हते. ज्याला पुसायचे त्याचे तोंड कोण बघतो?

परवा मोबाईलने जागा संपल्याचे सांगितले. पुसलेला फोटो वेगळा साठतो आणि मूळचा तसाच राहतो, हे मला ठाऊक नव्हते. जुने काढून टाकावेत म्हणून घरी एकटी असताना शोधत बसले. शोधताना ‘लोक’ नावाचा कप्पा दिसला. मोबाईल स्वतःच फोटोंतले चेहरे ओळखतो आणि एका माणसाचे सगळे फोटो एकत्र लावतो, हे मला तेव्हा समजले. माझ्या मोबाईलमध्ये चेहरा नाहीच, तर हा काय लावणार, म्हणून मला हसू आले. आत एकच गोल होता. गोलात एका पुरुषाचा चेहरा होता आणि खाली ‘नाव जोडा’ असे लिहिले होते.

मला वाटले दूधवाला असेल. गोल दाबला. पहिला, सर्वांत अलीकडचा फोटो शहराजवळच्या विष्णुपुरीचा. पुढचा मुखेडचा, तिथल्या घराचे निळे दार मला आठवते. मग लातूर, मग आमच्याच नाक्याजवळचे एक घर, आणि सर्वांत शेवटी बिलोली. दारे वेगळी, नवऱ्या वेगळ्या, मागे माणूस तोच. वय तीसच्या आसपास, वर्ण सावळा, बारीक दाढी, डाव्या भुवईवर जुन्या जखमेची खूण. मी त्याला ओळखत नाही. या सगळ्या फोटोंतून मी त्याला माझ्या बोटाने पुसले होते.

फोटो मोठे करून पाहिले. लोक मेंदीकडे बघतात, नवरीकडे बघतात. हा हाताच्या उजव्या बाजूला बघतो. उजव्या कडेला प्रत्येक फोटोत बाही धरलेली दोन बोटे आहेत. ती बोटे माझ्या मुलीची आहेत. मग तिची परीक्षा होती त्या महिन्यातले फोटो उघडून पाहिले. तेव्हा मी एकटीच जात होते. त्यात गल्ली आहे, शेळ्या आहेत, तो नाही. मी दाराला आतून कडी लावली आणि मुलगी कॉलेजमधून येईपर्यंत तिथेच जमिनीवर बसून राहिले.

तुम्ही कुठे जाणार हे त्याला कसे कळत असेल, असे शिवकांताबाईंनी विचारले. त्याचे उत्तर मला लाज वाटते तरी देते. आदल्या दिवशी मी स्टेटसला टाकत होते, ‘उद्या बिलोलीला येत आहे, कुणाला काढायची असल्यास फोन करावा.’ स्टेटस बघणारे पुष्कळ नंबर मला अनोळखी आहेत. ते सगळे नंबर वेगळे उतरवून दिले आहेत. परवापासून स्टेटस बंद केले आहे.

हा प्रकार मी पतीला सांगितलेला नाही. कारण असे की, माझ्या नणंदेच्या मुलीच्या, बुशराच्या मागे एक पोरगा लागला होता. तेव्हा घरात बैठक बसली. पोराला कोणी शोधले नाही. “पोरीचं कॉलेज बंद करा, बात खतम,” असे सगळ्यांत आधी मीच बोलले होते. बुशरा आज घरात बसून आहे. माझी मुलगी तेव्हा त्याच खोलीत चहा देत होती. आता ही गोष्ट घरात गेली तर माझेच वाक्य मला ऐकवतील आणि मला तोंड उघडायला जागा राहणार नाही. मुलीला काही माहीत नाही. तिला कळून ती घाबरू नये, तिचे शिक्षण थांबू नये आणि तो माणूस सापडावा, एवढीच माझी मागणी आहे. मला फार भीती वाटते.

आज मुलीला घरी एकटी ठेवण्याची हिंमत झाली नाही, म्हणून सोबत आणले. सिमकार्ड हरवल्याचा दाखला काढायचा आहे, असे तिला खोटे सांगितले. चांगल्या घरच्या पोरीने ठाण्याची पायरी चढू नये, म्हणून तिला गेटाबाहेर बाकड्यावर बसवले आहे. आत आल्यावर गेटाच्या आतल्या बाजूच्या बोर्डवर महिला मदतीचा नंबर होता, त्याचा फोटो काढून घेतला. मोबाईलची बॅटरी संपत आल्यामुळे जबाब चालू असताना तो इथल्या टेबलावर चार्जिंगला लावला होता.

येथवर जबाब वाचून दाखवला. सही करण्याआधी मला पुढील मजकूर वाढवायचा आहे.

वाचन झाल्यावर शिवकांताबाईंनी तो चेहऱ्याचा कप्पा प्रत्यक्ष दाखवायला सांगितले. मी चार्जिंगचा मोबाईल काढून उघडला. पहिला फोटो विष्णुपुरीचा असायला हवा होता. तिथे गेटावरच्या बोर्डचा, आज दुपारचा फोटो मोबाईलने स्वतःच आणून लावला होता. बोर्डच्या मागे रस्त्यापलीकडे रसवंती आहे. तिथे तो हातात ग्लास घेऊन उभा होता. तो बोर्डकडे बघत नव्हता, बाकड्याकडे बघत होता.

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. शिवकांताबाई टोपी न घालताच धावल्या, त्यांच्यामागे शिपाई बालाजी गेले. मी दारापर्यंत जाऊन चौकट धरून उभी राहिले. थोड्या वेळाने शिवकांताबाई माझ्या मुलीला हाताला धरून आत घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, “वर्दी पाहून गाडी काढली हरामखोरानं. नाक्याकडं गेला. नंबर न्हाई दिसला.”

मुलगी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि खाली बघत तिने गाडीचा नंबर सांगितला. अडखळली नाही. बालाजींनी तो लगेच नाक्यावरच्या पोलिसांना फोन करून कळवला.

मी विचारले, “तुला कसा ठाऊक?”

ती म्हणाली, “पाठ हाय अम्मी. वर्ष झालं.”

मी विचारले, “मग बोलली का नाहीस?”

ती म्हणाली, “बोलून काय केलं असतंस? बुशराआपाचं काय केलंत तुम्ही?” मग ती म्हणाली, “बिलोलीला तो पहिल्यांदा फोटोत आला. तू बघितलं असतंस तर तिथंच माझं कॉलेज संपलं असतं. म्हणून तुला पुसायला शिकवलं.”

ती बाकड्यावर एकटी त्याच्यासमोर बसली होती आणि मी आत बसून तिला काही माहीत नाही असे लिहून देत होते. वर्षभर ती कॉलेजला, बाजारात, माझ्यासोबत एसटीत तशीच बसत होती. तिचा हात आता माझ्या हातात आहे. तो गार आहे.

शिवकांताबाईंनी विचारले, मुलीचे नाव अजूनही लिहायचे नाही का. मी सांगितले, लिहा. माझ्या मुलीचे नाव सुमय्या चांदपाशा शेख आहे. ती कॉलेजला जाते आणि उद्याही जाईल. सोबत मी जाईन. पतीला आज संध्याकाळी मी स्वतः सांगणार आहे. वर जिथे ‘माझी मुलगी’ असे आले आहे तिथे सुमय्या वाचावे. जिथे तिला काही माहीत नाही असे मी म्हटले आहे, ते चूक आहे.

हा जबाब शिवकांताबाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत आम्हा दोघींना ऐकवला. आम्ही बोललो तसाच तो उतरला आहे. शेवटचा मजकूर मी सुमय्याला विचारून लिहायला लावला. यातले काहीही पुसू नये.

सही
गौसिया चांदपाशा शेख

सही
सुमय्या चांदपाशा शेख

समक्ष
शिवकांता, महिला पोलीस हवालदार