धूळ खात पडलेला तक्ता

(वाहन परवाना कचेरी. डोळे तपासायच्या खोलीबाहेरचं बाकडं.)

बाबा : म्हणजे बापाचे डोळे पोटची पोर नाही तपासणार. परका तपासणार.

मुलगी : परके कसले, शेजारच्याच टेबलावर बसतात ते दादा. नियम आहे, बाबा. आपल्या माणसाचं काम आपण करायचं नाही. सकाळीच लिहून दिलं मी.

बाबा : काय लिहून दिलंस? की हा माझा बाप आहे?

मुलगी : तेच.

बाबा : शाब्बास. कचेरीभर दवंडी पिटलीस.

मुलगी : दवंडी कसली? समोरच्या पाटीवर सगळ्यांसाठीच लिहिलंय ते. वाचा की.

बाबा : वाचली मघाशीच. इथे थुंकू नये.

मुलगी : बाबा, वीतभर अक्षरं आहेत तिची.

बाबा : मग? खिडकीतून तिरीप येतेय डोळ्यांवर.

मुलगी : परवा व्हॅन शाळेच्या फाटकाला घासली, तेव्हाही तिरीपच होती? वर्षभर म्हणतेय, डॉक्टरकडे चला.

बाबा : फाटक अरुंद आहे. अठरा वर्षं पोरं ने-आण करतोय मी. रस्ता पाठ आहे मला.

मुलगी : रस्ता पाठ असतो हो. मध्येच धावत येणारं पोर पाठ नसतं.

बाबा : तू नको जिवाला घोर लावून घेऊ. तपासणीत माझं एक अक्षर चुकायचं नाही. क, ठ, म. खाली ग, प, ल, ट. त्याखाली...

मुलगी : थांबा. हे तुम्हाला कुठून माहीत?

बाबा : विसरलीस? या नोकरीसाठी तू सराव करायचीस. इथला हाच तक्ता घरी कपाटाच्या दाराला टांगलेला, आणि रोज समोर खुर्चीत कोण बसायचं?

मुलगी : म्हणून इतके निवांत आलात.

बाबा : परवाना गेला की व्हॅन गेली. मग दिवसभर घरात काय भिंतींशी बोलू? तुझी आई गेल्यापासून ती पोरंच आहेत मला. आता तोंड उघडू नकोस. लिहून दिलंस, हात झटकलेस, संपलं तुझं काम.

सहकारी : या या काका. आत खुर्चीत टेका, आलोच मी. काय ताई, चेहरा का असा?

मुलगी : दादा, कपाटातला दुसरा तक्ता लावाल?

सहकारी : तो? धूळ खात पडलाय. हा काय वाईट आहे?

मुलगी : हा बाबांना पाठ आहे.

सहकारी : हळू बोला. हे मी ऐकलं नाही. तुम्ही बाजूला झालात ना? कागद स्वच्छ आहे. पुढच्या महिन्यात माझा मेव्हणा येतोय, त्याचं तुम्ही बघा. नियमही पाळला, माणसंही सांभाळली.

मुलगी : सरका. आत जाऊन मीच लावते.

सहकारी : तुम्ही पण ना. बरं, काका, वाचा वरपासून.

बाबा : क, ठ, म. ग, प, ल, ट. न, र, स, ड, व.

सहकारी : छान. झालं काका, या तुम्ही.

मुलगी : काय झालं, दादा? यातलं एक तरी अक्षर त्या तक्त्यावर आहे का?

सहकारी : ताई, बाप आहे तुमचा.

मुलगी : म्हणूनच बोलतेय. बाबा, तक्ता बदललाय. तुमच्यासमोर बदलला मी.

बाबा : मला वाटलं, धूळ पुसतेयस.

मुलगी : सगळ्यात वरचं, मोठं अक्षर कोणतं आहे?

बाबा : काळं आहे काहीतरी.

मुलगी : दादा, लिहा.

सहकारी : काय लिहू?

मुलगी : आत्ता जे बघितलंत ते. मेव्हण्याचंही मी असंच बघणार, आधीच सांगते.

सहकारी : कठीण आहे बुवा तुमचं. बरं, लिहितो.

मुलगी : बाबा, चला, उठा. बोला काहीतरी. रागवा तरी.

बाबा : वाजले किती?

मुलगी : साडेतीन.

बाबा : मग अर्धी रजा टाक आणि ही किल्ली घे. चारला शाळा सुटते. मी बसतो शेजारी.

मुलगी : बरं. आधी कुणाला घ्यायचं?

बाबा : फाटकापाशी एक धाकटी एकटीच उभी असते, लाल दप्तराची. तिला घे. हल्ली मी तिला दप्तरावरूनच ओळखतो.