सबवूफर बसवलेल्या गाडीची काच फुटल्याबाबत

मी, काच फुटलेल्या गाडीच्या मालकाची पत्नी, वय ५८, व्यवसाय घरी शिवणकाम, राहणार दवाखान्यामागची इमारत, दुसरा मजला, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझे यजमान दोघेच राहतो. यजमान छापखान्यात मशीन चालवत. त्या आवाजात त्यांचे कान गेले. कानात घालायच्या यंत्राचा उपयोग होत नाही. गाणी मात्र त्यांना लागतात. डिकीत सबवूफर, म्हणजे जाड आवाजाचा मोठा स्पीकर, असला की ठोका पाठीत कळतो, हे त्यांना माझ्या भावाच्या गाडीत समजले. म्हणून आम्हीही बसवला.

आमच्याकडचा आवाज वाढवणारा अँप्लिफायर लहान होता. फिटर म्हणाला, "काका, लहान्याला ताणलं की आवाज फाटतो आणि वूफरची कॉइल जळते. वूफरला पुरून उरेल असा घ्या, आणि बेतानं वाजवा." त्याप्रमाणे मोठा बसवला. फिटरने आपल्या कानाने आवाज लावून बटणापाशी खडूची खूण केली. यजमान सीटला पाठ टेकून म्हणाले, "येत नाही." त्याने वाढवला. "अजून नाही येत." असे होता होता खूण बरीच मागे राहिली. फिटर मला म्हणाला, "मावशी, एवढ्या हादऱ्यानं आता गाडी किल्लीशिवाय निघेल." मी कानात कापूस घातला होता. मी हसले.

आज दुपारी यजमान खाली गाडीत मागच्या सीटवर बसले होते. तळमजल्यावर नुकतीच राहायला आलेली नर्स रात्रपाळी करून झोपली होती. ती बाहेर येऊन ओरडली. मी खिडकीतून पाहत होते. यजमानांचे डोळे मिटलेले होते. तिने बाजूच्या काचेवर थापा मारल्या. त्या त्यांना पाठीत कळल्या. आता ठेका नीट जुळला असे वाटले, असे ते नंतर म्हणाले. त्यांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहून हसले आणि मान डोलावली. "आणि वर हसताय?" असे म्हणून तिने कुंडीखालची वीट घेऊन काचेवर मारली.

मी वरून हाक मारली नाही. का, असे विचारल्यावरून सांगते की, आमच्या घरात हाक मारायची सवय राहिलेली नाही.

यजमानांच्या मनगटाला काच लागली. नर्सनेच ते दाबून धरले व घरातून पट्टी आणून बांधली. मी खाली पोचले तेव्हा बांधताना ती "काका, केस झाली तर माझी नोकरी जाईल हो" असे म्हणत रडत होती. ते त्यांना ऐकू गेले नाही. ते तिला म्हणाले, "हात हलका आहे गं पोरी तुझा." पोलिसांना वॉचमनने बोलावले.

माझी नर्सविरुद्ध तक्रार नाही. यजमानांना कागदावर लिहून विचारले, त्यांचीही नाही. तिच्यावर गुन्हा नोंदवू नये. काचेचे आम्ही बघून घेऊ. फिटर म्हणतो, सीटखाली बसणारे हादरे देणारे यंत्र मिळते, त्याचा आवाज फारसा बाहेर जात नाही. त्याला जुना लहान अँप्लिफायर पुरेल. तो मी टाकलेला नाही. शिलाई मशीनखाली आहे.

जबाब मला वाचून दाखवला. यजमानांना ऐकू येत नसल्याने तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी दोनदा वाचला. हाक मारली नाही या ओळीवर बोट ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिले. ती ओळही माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे.