साइतीवर निघालेली बॅग

नाही पण मला एक सांगा, बॅग घरीच तोलून न्यायची असते एवढी अक्कल मला नसेल? एम.ए. झालेय हो मी! पण जी बॅग घरातच नाही ती घरी तोलायची कशी, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?... नाही ना? मग हसू नका, ऐका.

त्याचं असं झालं, विमान शुक्रवारचं, आणि पंडितजींनी पोथी चाळून साइत, म्हणजे निघायचा मुहूर्त, काढली मंगळवार सकाळची. म्हणजे निघायचं मंगळवारी आणि जायचं शुक्रवारी! आता तान्ह्या पोरीला घेऊन बाईनं काय तीन दिवस रस्त्यात उभं राहायचं? म्हणून मग आपल्याऐवजी बॅग निघते. तिला टिळा, तिला अक्षता, तिच्या कप्प्यात सुपारी, आणि सगळं घर मागे चालत तिला पोचवायला जातं... कुठे? तर समोरच्या कांछी काकूंच्या पडवीत! आणि एकदा का तिनं उंबरा ओलांडला, की आमा, म्हणजे माझ्या सासूबाई, बोट वर करून बजावतात, "निघालेलं परत आणायचं नाही!"

त्याचं कारण माझे थोरले दीर. ते मलेशियाला निघाले, आणि आमच्या जवळचं बनेपा गाव ओलांडायच्या आत स्वेटर विसरला म्हणून घरी वळले. पुढे तिकडच्या विमानतळावरून त्यांना तसंच्या तसं माघारी पाठवलं. कागदात काहीतरी खोट होती. पण आमांच्या मते खोट कागदात नव्हती, स्वेटरात होती!

माझा विश्वास? छे! पण तुम्हाला सांगते, इप्सा झाल्यापासून माझा कशावर विश्वास आहे आणि कशावर नाही हेच मला कळेनासं झालंय. मांजर आडवं गेलं की मी हसते, आणि हसून झालं की थांबते. चौदा महिने माझा नवरा, नवराज, लिस्बनला. लेकीला त्यानं बघितलंय ते फोनमध्ये. आता सगळे कागद हातात आलेत, तर उगाच कुठल्या स्वेटराची परीक्षा कशाला बघा?... एवढंच आपलं.

तर बॅग पडवीत. आणि खरी मेख पुढेच आहे. त्या बॅगेतून काढायला मनाई, पण घालायला कुठे मनाई आहे! रोज संध्याकाळी आमा पदराखाली काहीतरी धरून काकूंकडे जायच्या आणि रिकाम्या हातानं, गालात हसत परत यायच्या. शेतातला तांदूळ गेला. मुळ्याचं लोणचं गेलं. गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी, तेही गेलं, तूप गेलं, पोहे गेले, आणि एका संध्याकाळी तर कपाटावरचा दगडी खल गेला. मी म्हटलं, "आमा, अहो दगड कशाला?" तर म्हणतात, "तिकडे दगड कसले मिळतात कोण जाणे!"

आणि मी? मी इप्साला खांद्यावर थोपटत खिडकीशी उभी. पहाटेचं धुकं खाली उतरलेलं, पडवीतली ती बॅग गाभण म्हशीसारखी ऐसपैस पसरलेली, आणि झोपेविना जड झालेल्या माझ्या डोळ्यांना वाटायचं, ती श्वास घेतेय... वर... खाली... वर... आता हिला उठवून तोलायला कोण जाईल?

शुक्रवार आला. काठमांडूला विमानतळावर बाहेरच्यांना आत सोडत नाहीत. म्हणून घरची सगळी काचेपलीकडे, मी आत. माझ्या गळ्यात झेंडूच्या माळा, पोटाशी बांधलेली इप्सा त्याच माळांतल्या पाकळ्या चघळतेय, मी तिच्या तोंडातून काढतेय, ती पुन्हा घालतेय. अशा थाटात बॅग काट्यावर ठेवली. आकडे चढायला लागले. चढतायत, चढतायत, मी आपली स्वप्नात डोंगर बघावा तशी बघतेय... काउंटरवरचा दादा वाकून म्हणाला, "बहिणी, आत माणूस आहे का?"

"नाही हो, सासूबाई बाहेर आहेत."

म्हणाला, जास्तीच्या वजनाचे पैसे भरा. आकडा सांगितला. तेवढ्या पैशांत दुसरा नवरा करून आणता आला असता! "नाहीतर मग काढा, आणि बाहेर घरच्यांना देऊन या. सोपं आहे."

सोपं! ह्याला कोणी सांगावं, निघालेलं परत आणायचं नाही!

मी तिथेच फरशीवर बसले आणि चेन ओढली. आणि तुम्हाला सांगते, त्या गारढोण, फिनेलच्या वासाच्या फरशीवर आमचं स्वयंपाकघरच उघडलं हो... तुपाचा वास, लोणच्याचा, चुलीच्या धुराचासुद्धा. रांगेतली माणसं वाकून वास घ्यायला लागली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर डोळेच मिटले. मीही मिटले. वाटलं, असंच बसावं, कोणी उठवू नये, विमानानं आपलं आपण जावं...

"बहिणी! मागे रांग आहे!"

उठले. जड ते सगळं कापडात बांधलं, खलसुद्धा, आणि दाराशी गेले. आमांनी गाठोडं बघितलं मात्र, हात असे हलवायला लागल्या जणू मी वाघ घेऊन येतेय. आणि मग काय केलं माहितीये? पाठ फिरवली! त्यांचं बघून दिरांनी फिरवली, जाऊबाईंनी, काकूंनी, सगळ्यांनी... धुक्यात नुसत्या पाठी. पहारेकरी विचारतो, "तुमचीच माणसं ना ही?" मी म्हटलं, "आहेत. पण आत्ता नाहीत."

मग राहिलं काय? अनोळखी माणसं. आणि वरून भोंगा घसा खरवडून सांगतोय, अनोळखी व्यक्तीचं सामान घेऊ नका! मी ज्याच्याकडे बघावं तो छताकडे बघतो. बरोबरच आहे हो, मी तरी घेतलं असतं का? झोप नसलेली, झेंडू घातलेली बाई, आणि हातात गाठोडं!

खांबाशी एक बाई उभ्या होत्या. नुवाकोटच्या फूलमाया दिदी. आमचं विमान आधी कतारला, तिथून पुढे दुसऱ्यानं लिस्बन; त्या कतारलाच चाललेल्या, तिथे कोणाच्या घरी मुलं सांभाळायला. जवळ एक चपटी पिशवी. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "दुसऱ्याचं मी नेत नाही."

"दिदी, तुमच्याकडे तर काहीच नाही."

"लेकाला ठेवून आले सगळं. चिवडा, लाडू, माझी शालसुद्धा. चार वर्षांचा आहे. आता फोनमध्ये भेटेल." आणि इप्साकडे बघत राहिल्या. इप्सानं त्यांच्याकडे बघितलं आणि तोंडातली ओली पाकळी काढून त्यांच्या हातावर ठेवली.

काय सुचलं मला कोण जाणे, म्हटलं, "मग दुसऱ्याचं नेऊ नका. तुमचं न्या. दिलं तुम्हाला."

"सगळं?"

"सगळं."

त्यांनी गाठ सोडली. एकेक पुडी दाबून बघितली, डबे उघडले, बोट बुडवून चाखलं. अहो, सरकारी तपासणी परवडली! तुपाशी आल्या, वास घेतला. मग डोळे पुसत म्हणतात, "हे आम्ही याहून कडक कढवतो. पण चालेल." आणि खल बघून, "हा दगड कशाला गं?"

मी काचेकडे बघितलं. आमा खांद्यावरून चोरून बघत होत्या. गाठोडं दिदींच्या पिशवीत बसलं, काट्यावर चढलं, पुढे गेलं. पुढे! आमा वळल्या, त्यांच्यामागे सगळी वळली, आणि हात हलले. सगळे. एकदम. पुढचं मला धूसर आठवतं... खाली धुकं, वर ऊन, मांडीवर लेक झोपलेली, आणि बाजूच्या ओळीत फूलमाया दिदी, आधीच कागदाच्या पुडीत काढून घेतलेलं लोणचं चाटत, खिडकीबाहेरचा बर्फाचा हिमाल बघत बसलेल्या.

लिस्बनला नवराजनं हात पुढे केले, तर लेक किंचाळून माझ्या मानेत शिरली. बिचाऱ्यानं मग बॅग उचलली. "एवढी हलकी? लोणचं?"

"कतारला."

"तूप?"

"तेही."

बायकोला बघून डोळ्यांत न आलेलं पाणी तेव्हा आलं हो!

तिसऱ्या दिवशी पोरगी त्याच्याकडे गेली, आता उतरायचं नाव घेत नाही. आणि हा? रोज संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन कतारला फोन लावतो. "दिदी, किती उरलंय? जरा बरणी दाखवा ना... जवळ आणा, अजून जवळ..." आधी लेक फोनमध्ये होती, आता लेक मांडीवर आणि लोणचं फोनमध्ये. आमच्या नशिबात काही ना काही फोनमध्ये राहायचंच, त्याला कोण काय करणार!