नकाशातली विहीर

नगरपंचायतीच्या रांगेत मनसारामच्या पुढं एक नवरा-बायको हातातला कागद उलटसुलट करून पाहत होते.

“अजी, घराचा नकाशा नामंजूर काऊन केला?”

“बांधकामाच्या जागी विहीर हाये म्हणून लिवलं हाये.”

“आपल्या प्लाटात कुठी विहीर हाये?”

“इंजिनिअर गुरुवारी येऊन पाहून गेला म्हणते.”

“गुरुवारी? त्या दिवशी तर तिथी वाघ बसला होता! फॉरेस्टवाल्यायनं कुत्रंही जाऊ देल्लं नाई.”

“मंग यानं विहीर पाह्यली तरी कोणाची?”

मनसारामनं आपला मंजूर नकाशा हळूच पिशवीत सारला. गुरुवारी इंजिनिअर त्याच्याच अंगणातल्या विहिरीचं पाणी पिऊन गेला होता; नकाशात मात्र विहीर नव्हती.

बाई मागं वळली.

“भाऊ, तुमच्या इथी आला होता का इंजिनिअर?”

“नाई बाई. माह्या इथी तर कोणीच नाई आलं.”