चाळिशीच्या नळ्या

बोलिव्हियातल्या आमच्या दवाखान्याच्या बाकावर, माझ्याशेजारी मानिकी नदीवरून आलेले सिक्स्तो म्हातारबा आणि त्यांची बायको फेलिसियाना.

"अहो, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या?"

"रक्तात सूज आहे म्हणे. जन्मभराचे ताप, जंत, त्यांनीच झालेली."

"अगंबाई! आणि छातीत?"

"छातीतल्या रक्ताच्या नळ्या लख्ख! चाळिशीतल्या गड्यासारख्या!"

"पण तुमचं वय किती लिहिलंय?"

"मला कुठे ठाऊक? पांढरे केस बघून त्यांनीच सत्तर ठोकलं."

"म्हणजे धडधाकट आहात की! दोन पावसाळे छाती धरून झुल्यात लोळताय, आणि रानडुकरामागे जावई धावतोय!"

"हळू बोल गं. गावात सांगू नकोस."

"सांगू नको? होडी वळणावर आली की तिथूनच ओरडणार आहे, यांचा तिरकमठा बाहेर काढून ठेवा, माझा तरणा घरी येतोय!"