नकाशावरचं गोडं पाणी

मुर्गाबच्या बाजारात जीप भरायची वाट बघत होतो. पुढच्या बाकावर दोघे भाऊ जुन्या लष्करी नकाशावर वाकले होते.

“दादा, वहिनी सकाळीच कळप घेऊन या झऱ्याकडे गेली. ‘गोडं पाणी’ छापलंय बघ.”

“नकाशावाल्यांना झरे दाखवले कोणी, ताश्तान?”

“आपल्या आजोबांनी.”

“ते परक्यांना खरं पाणी दाखवतील? हा झरा विषारी आहे, गाढवा! ‘विषारी’ छापलाय तो गोडा.”

“तुला कोणी सांगितलं?”

“आजोबांनीच, मरताना.”

“मलाही सांगितलं होतं. शपथ घालून.”

“गोडा कुठला म्हणाले?”

“हाच.”

“ड्रायव्हर, गाडी काढ!”

“अजून दोघं यायचेत.”

“दादा... म्हणजे आजोबांना मी परका?”

“मेंढ्या जगल्या तर घरचा.”