पाचवा पांडव

(वेळ अमावस्येच्या सणाची दुपार. बोरवाडीच्या नागूबाईच्या शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव; समोर आंबिलीचा माठ. हद्द ठरवायला आलेले सरकारी अधिकारी हणमंतराव आणि शेजारच्या कोनाळीचा पाटील सिद्धाप्पा पाहुणे आहेत.)

हणमंतराव : बस, पाटलीणबाई. तिसरा पेला झाला, आता डोळे मिटायलेत. सरकारात गावाची हकीकत द्यायची आहे. बोरवाडीत पहिली वस्ती कुणाची?

नागूबाई : धनगरांची, साहेब. मेंढरं झऱ्यावर पाणी प्याली न् हलंनात, म्हणून माणसं बी बसली. झऱ्यावरची ती चिंच त्यांचीच. मारुती न् पीरसाहेब मागून आले.

सिद्धाप्पा : त्यात माझा पणजा व्हता, लिहा. भावाशी भांडून वड्यापल्याड गेला न् आमची कोनाळी वसवली.

नागूबाई : भांडण कशावरून, ते बी सांग की अण्णा.

सिद्धाप्पा : काळ्या मेंढीवरून. बोरवाडीनं खाल्ली ती!

हणमंतराव : मेंढी राहू द्या, झऱ्याचं बोला. नकाशात हद्दीचा दगड आहे, जागेवर नाही. दोन दिवस तलाश केली. झरा बोरवाडीच्या नावे दर्ज करतो. मग कोनाळीची जनावरं तुमच्या मर्जीवर.

सिद्धाप्पा : चारशे मेंढरं हायत साहेब. उन्हाळ्यात दुसरं पाणी न्हाई.

हणमंतराव : सबूत आणा, पाटील. पाटलीणबाई, तुम्ही कामून गप? जिंकलात की.

नागूबाई : दगड हाय. तुमच्या म्होरंच.

हणमंतराव : कुठं?

नागूबाई : शेवटचा. सहदेव.

सिद्धाप्पा : ह्यो? अगं अक्का!

नागूबाई : लग्नानंतरची पहिली अमावस्या. सासूनं चुन्याचं गाडगं हातात दिलं, पांडव रंगव म्हणाली. बघते तर चारच! सासू तोंडाची तिखट. झऱ्याच्या अल्याड, चिंचंच्या मुळाशी ह्यो उभा दिसला, नीट घडीव. आणून बसवला. कशाचा दगड ते मागून कळलं. पर देव झालेल्याला उठवू कसं? बत्तीस वर्सं आंबील पाजायलेय.

हणमंतराव : झऱ्याच्या अल्याड? मग झरा कोनाळीत जातो, बाई. गाव काय म्हणेल?

नागूबाई : शिव्या घालंल. पर त्याच्याच म्होरं बसून खोटं बोलू?

सिद्धाप्पा : साहेब, लिहू नका. झरा आमचा झाला तर ही घागर घेऊन यायची न्हाई. मी वळखतो हिला.

हणमंतराव : मग सामाईक लिहू? दोन्ही पाटलांची कबुली लागेल.

सिद्धाप्पा : माझा अंगठा घ्या.

नागूबाई : माझा ल्योक श्रीमंत पिकात आंबील शिंपडायलाय. आला की लावंल.

हणमंतराव : आणि नाही म्हणाला तर?

नागूबाई : पाटील त्यो असंल. आई मी हाय.

हणमंतराव : ठीक. पण दगड जागेवर गेला पाहिजे.

नागूबाई : आज न्हाई, साहेब. आज त्याचा सण. उद्या न्या.

सिद्धाप्पा : न् फुडल्या साली पाचवा कुठला आणशील?

नागूबाई : आणायचा कशाला? चार घेऊन मीच जाईन चिंचंखाली. तू आंबील घेऊन ये.